चिमा, डालडा आणि पाथरीचा गणिती: उलटसुलट कविता कशी लिहितात?

'चिमा काय कामाची' हे वाक्य शेवटाकडून वाचून बघा. तेच येतं. 'रामाला भाला मारा', 'टेप आणा आपटे', 'ती होडी जाडी होती', 'तो कवी डालडा विकतो' ही सगळी त्याच घराण्यातली. शाळेच्या सहलीत, बसमध्ये मागच्या बाकावर बसून आपण ती एकमेकांना ऐकवलेली असतात. ती कुणी रचली हे कुणालाच माहीत नसतं.

मी पीएच.डी. कशावर करते असं नातेवाइकांनी विचारलं की मी हीच वाक्यं सांगते. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "याच्यावर पीएच.डी. मिळते?" मिळेल अशी आशा आहे. माझा विषय संस्कृतमधलं चित्रकाव्य, त्यातही उलट वाचली तरी चालणारी कविता. या लेखात तिची यंत्रणा उघडून दाखवते. आणि माझ्या एका फजितीबद्दलही सांगते, कारण त्या फजितीतूनच मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला.

आधी एक साधा प्रश्न. उलट वाचायचं म्हणजे नेमकं काय उलटं करायचं?

'नदी' हा शब्द घ्या. उलटा केला की 'दीन'. आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. पण समजा तुम्ही 'नदी' असं रेकॉर्ड केलंत आणि ती ध्वनिफीत उलटी वाजवलीत, तर 'दीन' ऐकू येणार नाही. 'ईदन' असं काहीतरी ऐकू येईल. कारण ध्वनींचा क्रम न्-अ-द्-ई असा आहे, तो उलटला की ई-द्-अ-न् होतो. म्हणजे आपण ध्वनी उलटत नाही. आपण उलटतो ते अक्षर: व्यंजन आणि त्याला चिकटलेला स्वर, मिळून एक गठ्ठा. गठ्ठ्यांचा क्रम बदलतो, गठ्ठ्याच्या आतलं काही बदलत नाही. इंग्रजी पॅलिंड्रोममध्ये एकेक लेटर उलटतात, आपल्याकडे अख्खं अक्षर. म्हणून 'राम' उलटलं की 'मरा' येतं, आणि वाल्या कोळ्याची ती 'मरा मरा'ची गोष्ट शक्य होते.

कॉम्प्युटरला मात्र हे कळत नाही. युनिकोडमध्ये 'राम' हा शब्द र, काना, म अशा तीन तुकड्यांत साठवलेला असतो. सरळ साध्या प्रोग्रॅमने तो उलटला तर म, काना, र. झालं 'मार'! 'नदी'चं तर त्याहून वाईट: सुरुवातीलाच एक अनाथ वेलांटी लटकते. हे मी मुद्दाम सांगतेय, पुढे उपयोगी पडेल.

आता मराठी वाक्यांकडे जरा बारकाईने बघा. 'चिमा'मधला चि ऱ्हस्व आणि 'कामाची'मधला ची दीर्घ. 'कवी'मधला वी दीर्घ, 'विकतो'मधला वि ऱ्हस्व. म्हणजे कागदावर ही दोन्ही वाक्यं काटेकोरपणे उलटसुलट नाहीतच! बोलताना फरक जाणवत नाही म्हणून खपून जातात. यात दोष रचणाऱ्याचा नाही, शुद्धलेखनाचा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा असा नियम आहे, त्यामुळे सुरुवातीचा चि आणि शेवटचा ची यांची गाठ पडणं अवघड होऊन बसतं. 'भाऊ तळ्यात उभा'चंही तेच. तिथे 'ऊभा' लिहिलं तरच जमतं, आणि ते लिहिलं की बाई लाल पेन काढणार. 'ती होडी जाडी होती' मात्र निर्दोष आहे. 'टेप आणा आपटे'सुद्धा.

मराठीत आणखी एक अडचण आहे: ळ आणि ण. आपले नेहमीचे शब्द या अक्षरांनी सुरू होत नाहीत, पण संपतात मात्र सर्रास. 'सकाळ', 'कमळ', 'पान'चं अनेकवचन नव्हे पण 'पाषाण', 'आठवण'. असा शब्द वाक्याच्या टोकाला आला की खेळ खलास. त्याला आत कुठेतरी, दुसऱ्या शब्दाच्या पोटात, दडवावं लागतं.

स्वतः करून बघितल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून मी वहीत जोड्या लिहायला लागले. रस-सर. लता-ताल. सदा-दास. जरा-राज. नको-कोन. या शेवटच्या जोडीतून पहिलं वाक्य निघालं: 'मामा, नको कोन, मामा!' आइस्क्रीमला नाही म्हणणारं भाचरू जगात नसतं हे मान्य, पण अक्षरं तपासून बघा, बरोबर आहेत. गंमत म्हणजे 'मामा, कोन नको, मामा' असं केलं तरीही ते उलटसुलट राहतं. मराठीत शब्द मागेपुढे करता येतात, ही इथे मोठी सोय आहे.

मग 'नदी-दीन' घेऊन बसले. 'ती नदी, दीन ती' इथपर्यंत लगेच पोचले. पुढे एके रात्री हे सापडलं:

वाहती नदी, दीन ती हवा.

वा-ह-ती-न-दी, दी-न-ती-ह-वा. दहा अक्षरं. मी निवडली फक्त पाच, उरलेली पाच आपोआप आली. आणि 'दीन ती हवा' हे मी ठरवून म्हटलेलंच नाही! ते 'वाहती नदी'च्या आत आधीपासून होतं, शब्द तोडायची जागा बदलली म्हणून दिसलं. या अनुभवाबद्दल मला पुढे बोलायचंय. आधी थोडा इतिहास.

संस्कृतमध्ये या प्रकाराला गतप्रत्यागत म्हणतात: गेलं आणि परत आलं. दंडीने 'काव्यादर्शा'त असल्या दुष्कर रचनांना जागा दिली आहे. भारवीच्या 'किरातार्जुनीया'चा १५ वा सर्ग आणि माघाच्या 'शिशुपालवधा'चा १९ वा सर्ग त्यांनी गच्च भरलेला आहे. दोन्ही सर्ग युद्धाचे आहेत, हा योगायोग नाही. माघ स्वतःच सैन्याच्या व्यूहांना अशा श्लोकांनी दुर्गम झालेल्या महाकाव्याची उपमा देतो. व्यूह भेदायला कठीण, तसा श्लोकही.

यातला सगळ्यात कडक बंध म्हणजे सर्वतोभद्र. आठ अक्षरांचे चार चरण. प्रत्येक चरण उलटसुलट सारखा. शिवाय चारही चरण एकाखाली एक लिहिले तर उभं वाचूनही तेच चरण मिळतात. ३२ अक्षरांत कवीला मोकळेपणाने निवडता येणारी अक्षरं किती? फक्त १०. बाकी २२ जागा आपोआप भरतात. उभं-आडवं सारखं म्हणजे काय हे छोट्या नमुन्यावर कळेल:

सा ग र
ग णि त
र त न

आडवं वाचा, उभं वाचा, सागर, गणित, रतन. इथे नऊ घरांत सहा निवडी आहेत. हे तीन शब्द जुळवायला मला एक लोकलप्रवास लागला. माघाला यात अर्थ, व्याकरण आणि अनुष्टुभाचं माप, तिन्ही सांभाळायचं होतं.

उलट वाचता येणाऱ्या कविता जगात इतरत्रही झाल्या. चीनमध्ये चौथ्या शतकात सू ह्वे नावाच्या कवयित्रीने २९ गुणिले २९ घरांचा, ८४१ चिन्हांचा चौकोन रचला, तो अनेक दिशांनी वाचता येतो. चिनीत शब्दांना विभक्ती-प्रत्यय लागत नाहीत, त्यामुळे उलट्या क्रमातूनही वाक्य उभं राहू शकतं. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये पाच हजारांहून जास्त अक्षरांचा पॅलिंड्रोम लिहिला. पण माझा जीव अडकला तो आपल्याच गोदाकाठच्या एका माणसात.

त्याचं नाव सूर्यदास. सूर्यपंडित, दैवज्ञ सूर्य अशाही नावांनी तो ओळखला जातो. जन्म १५०८ च्या सुमाराचा. गाव पार्थपूर, म्हणजे आजच्या परभणी जिल्ह्यातलं पाथरी. घर ज्योतिषगणितज्ञांचं. वडील ज्ञानराज यांचा 'सिद्धान्तसुंदर' हा खगोलावरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. सूर्यदासाने स्वतः भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर १५३८ मध्ये आणि 'लीलावती'वर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. आणि याच माणसाने 'रामकृष्णविलोमकाव्य' लिहिलं. साधारण ३६ श्लोक. प्रत्येक श्लोकाचा पहिला अर्धा भाग रामाबद्दल. तोच भाग अक्षराअक्षराने उलटा केला की दुसरा अर्धा भाग तयार होतो, आणि तो कृष्णाबद्दल.

इथे चिमा आणि सूर्यदास यांच्यातला फरक लक्षात घ्या. चिमा उलटी केली तरी चिमाच राहते. सूर्यदासाचं वाक्य उलटलं की दुसरं वाक्य होतं, दुसऱ्याच देवाची दुसरीच गोष्ट सांगणारं. सुटा एखाददुसरा असा श्लोक आधीही होता, पण अख्खं काव्य या तत्त्वावर उभं करणारा पहिला माणूस म्हणजे सूर्यदास, असं ख्रिस्तोफर मिन्कोव्स्की या अभ्यासकांनी २००४ च्या एका लेखात मांडलं आहे. पुढच्या शतकात कांचीपुरमच्या वेंकटाध्वरीने ३० श्लोकांचं 'राघवयादवीय' लिहिलं. व्हॉट्सॅपवर दर दोन महिन्यांनी फिरतं ते हेच. पाथरीकर मात्र फॉरवर्डमध्ये येत नाहीत.

आता माझी फजिती. दुसऱ्या वर्षी मी एक प्रोग्रॅम लिहिला. श्लोक द्यायचा, तो उलटसुलट आहे की नाही ते प्रोग्रॅम सांगणार. काना-मात्रांची वर सांगितलेली भानगड मी सोडवली होती, जोडाक्षरं एकत्र ठेवायची हेही शिकवलं होतं. सूर्यदासाचा पहिलाच श्लोक टाकला. उत्तर: नाही. मला काय आनंद झाला! पहिल्याच श्लोकात पाठभेद, संपादकांची चूक, माझा पहिला शोधनिबंध. विभागाच्या सेमिनारमध्ये स्लाइडवर लाल रंगात ते दाखवलंसुद्धा.

मागे बसलेल्या एका निवृत्त बाईंनी विचारलं, "तू 'वन्दे' कसं लिहिलंयस?"

मी घेतलेल्या फाईलमध्ये ते आधुनिक पद्धतीने, न ला द जोडून, 'वन्दे' असं होतं. म्हणजे अक्षरं व आणि न्दे. उलटलं की 'न्देव', ज्याला काही अर्थ नाही. पण तोच शब्द अनुस्वाराने लिहा: वंदे. अक्षरं वं आणि दे. उलटलं की 'देवं'. सूर्यदासाला नेमकं हेच हवं होतं! चरणाच्या एका बाजूने नमस्कार, दुसऱ्या बाजूने देव. त्याच चरणाच्या शेवटी एक विसर्ग होता, तोही माझ्या प्रोग्रॅमने चूक धरला होता. पण 'वाग्भटालंकारा'त स्पष्ट म्हटलंय की अनुस्वार आणि विसर्ग यांच्यामुळे चित्र मोडत नाही, आणि ब-व, ड-ल या जोड्या एकच धरायच्या. खेळाचे नियम छापील होते. मी ते न वाचता पंच झाले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी प्रोग्रॅम बंद केला आणि तो पहिला श्लोक हाताने, वहीत, गण पाडून लिहिला. तेव्हा जे दिसलं ते मला आजवर सापडलेलं सगळ्यात सुंदर काहीतरी आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

श्लोक इंद्रवज्रेत आहे. दर चरणी ११ अक्षरं. लघू-गुरूंचा क्रम असा:

गा गा ल गा गा ल ल गा ल गा गा

हा क्रम उलटा लिहा:

गा गा ल गा ल ल गा गा ल गा गा

दोन्ही सारखे नाहीत. पाचव्या आणि सातव्या जागी गडबड आहे. सरळ क्रमात पाचवं अक्षर गुरू, सातवं लघू. उलट्यात पाचवं लघू, सातवं गुरू. म्हणजे इंद्रवज्रेतला चरण उलटला की वृत्त मोडायलाच हवं. मग सूर्यदासाचं मोडत का नाही?

शाळेतला छंदाचा नियम आठवा. जोडाक्षराच्या आधीचं लघू अक्षर गुरू होतं. 'भव्य'मधला भ एरवी लघू, पण पुढे व्य आला की गुरू. आता 'भ-व्य-भ' ही तीन अक्षरं घ्या. पहिला भ गुरू, कारण पुढे जोडाक्षर. शेवटचा भ लघू. हे उलटं करा: भ-व्य-भ. पुन्हा पहिलाच गुरू, शेवटचा लघू! अक्षरं उलटली, पण वजन उलटलं नाही. कारण ते वजन अक्षराचं स्वतःचं नव्हतंच, शेजाऱ्याने दिलेलं होतं, आणि हा शेजारी नेहमी आपल्या आधीच्याला देतो, मग वाचणारा कुठल्याही बाजूने येवो.

पहिल्या श्लोकाच्या पहिल्या दोन्ही चरणांत बरोबर मधलं, म्हणजे सहावं, अक्षर जोडाक्षर आहे, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मुळात लघू असलेली अक्षरं आहेत. इंद्रवज्रेतली नेमकी गडबडीची जागा त्याने एका जोडाक्षराने सांधली. बाकीच्या जागा मुळातच दोन्हीकडून सारख्या आहेत.

हे अपघाताने होत नाही. हे गणित करणाऱ्या माणसाचं काम आहे. आणि इथे माझा एक तर्क, फक्त तर्क म्हणूनच घ्या. 'लीलावती'त व्यस्तविधी नावाची रीत आहे. एका संख्येला ३ ने गुणलं, ४ मिळवले, ५ ने भागलं, उत्तर ५ आलं, तर मूळ संख्या कोणती? शेवटाकडून निघायचं: ५ गुणिले ५ म्हणजे २५, त्यातून ४ वजा म्हणजे २१, भागिले ३ म्हणजे ७. गुणाकाराच्या जागी भागाकार, बेरजेच्या जागी वजाबाकी. ज्या माणसाने या रीतीवर टीका लिहिली, त्याला उलट्या वाटेने चालताना कुठली गोष्ट बदलते आणि कुठली तशीच राहते हा प्रश्न नवा नसणार. भ-व्य-भ मला त्याच प्रश्नाचं उत्तर वाटतं.

प्रगती अहवालाच्या वेळी बाहेरून आलेल्या एका तज्ज्ञांनी विचारलं होतं, "पण हे काव्य आहे की कसरत?" प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. मम्मटाने चित्रकाव्याला सगळ्यात खालची पायरी दिली. आनंदवर्धनाने तर ती काव्याची नक्कल आहे असं म्हटलं, आणि मग स्वतः 'देवीशतक' लिहिलं, ज्यात चित्रबंधांची रेलचेल आहे! आपल्या मोरोपंतांना तरी कुठे राहवलं? निरोष्ठ रामायण लिहिलं, ओठ न मिटता म्हणायचं. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. रामायण लिहायचं आणि 'राम' म्हणायचं नाही.

खरं सांगायचं तर सूर्यदासाचं काव्य सगळीकडे चांगलं नाही. उलट्या बाजूला बरेचदा ओढाताण होते. अडलं की एकाक्षरी कोशातले अर्थ मदतीला येतात: 'क' म्हणजे ब्रह्मा किंवा सुख, 'मा' म्हणजे लक्ष्मी. टीका हाताशी नसेल तर अर्थ लागत नाही, आणि ती टीका त्याने स्वतःच लिहून ठेवली, यातच काय ते आलं. त्या दिवशी मी तज्ज्ञांना बरंच काही गोल गोल उत्तर दिलं. आज विचारलं तर 'वंदे' आणि 'देवं' एवढंच दाखवेन. नमस्कार उलटला की ज्याला नमस्कार केला तो दिसतो. अशी जागा त्याने निर्माण केली असंही म्हणता येत नाही आणि ती त्याला नुसती सापडली असंही नाही. 'वाहती नदी'त 'दीन ती हवा' दिसली तेव्हा माझं जे झालं, तेच त्याचं इंद्रवज्रेच्या मापात, व्याकरण सांभाळून, पुन्हा पुन्हा झालं असणार.

प्रोग्रॅम आता दुरुस्त केलाय. अनुस्वार, विसर्ग, ब-व, ड-ल, सगळी सूट दिली आहे. मराठी वाक्यांसाठी ऱ्हस्व-दीर्घ दुर्लक्षित करायचं वेगळं बटणही ठेवलंय, नाहीतर चिमा नापास होते. सेमिनारमधल्या त्या बाईंना मी नदीची ओळ दाखवली. त्यांनी बोटाने अक्षरं मोजली, "'दीन ती हवा' जरा ओढून आणलंय," म्हणाल्या, आणि दुसरी ओळ आण मग बोलू, असं सांगून चहाला गेल्या. दुसरी ओळ तीन आठवडे झाले 'सदा'वर अडकलीये. तुम्हाला सुचली तर कळवा, मात्र शेवटी ळ नको.